बारा व्होल्ट दिसतात, पण पोचतात का?

प्रश्न : माझी पेट्रोलवरची छोटी गाडी २०११ सालची आहे. एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत. २०१६ मध्ये बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं. दोन महिन्यांपूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर ‘पी-०१३५’ असा कोड निघाला. ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ म्हणाले आणि नवा बसवला. चार दिवस दिवा बंद होता, पाचव्या दिवशी पुन्हा हजर, कोडही तोच. आता म्हणतात, ईसीयू गेला असणार. गाडी तर खंबाटकी घाटसुद्धा हसत चढते, फक्त ॲव्हरेज जरा कमी झालंय. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सायलेन्सरमधला धूर आधीच हात भाजेल इतका तापलेला असतो, मग त्यात बसणाऱ्या सेन्सरला वेगळा हीटर कशाला? आणि ईसीयूवर खर्च करू का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे अडकलेत : इतक्यात नको. पहिल्या प्रश्नासाठी मात्र थोडं मागे, १८९७ सालच्या जर्मनीत जावं लागेल.

गटिंगेनच्या वाल्थर नर्न्स्ट या रसायनशास्त्रज्ञांनी तेव्हा विजेचा एक अजब दिवा काढला. तारेच्या जागी झिर्कोनियम आणि यिट्रियमच्या ऑक्साइडांची, म्हणजे एका जातीच्या सिरॅमिकची, बारीक कांडी. ही कांडी थंड असताना वीज वाहून नेत नाही. तापली की नेते, आणि मग स्वतःच्याच तापाने लखलखते. त्यामुळे पहिले दिवे चक्क काडी ओढून तापवावे लागत. पुढे कांडीशेजारी प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं आलं. बटण दाबलं की आधी वेटोळं तापायचं, त्याच्या धगीने कांडी पेटायची आणि ती पेटली की वेटोळ्याचा प्रवाह आपोआप तुटायचा. टंगस्टनच्या तारेचे दिवे आले आणि हा दिवा अडगळीत गेला. नर्न्स्ट पुढे १९२० सालच्या नोबेलचे मानकरी झाले. मोटारींचेही ते मोठे शौकीन होते.

तुमच्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर म्हणजे त्याच घराण्यातलं सिरॅमिक. जुन्या घडणीच्या सेन्सरमध्ये ते शिंप्याच्या अंगुस्तानासारखं असतं. बाहेरून इंजिनाचा धूर, आतून मोकळी हवा, दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ थर. धुरातला ऑक्सिजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यात जितकी तफावत, तितकं व्होल्टेज. पेट्रोल जास्त पडत असेल तर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट, कमी पडत असेल तर ०.१ च्या आसपास. ०.४५ ही दोघांमधली वेस. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, या आकड्याकडे बघत पेट्रोलचा हात सैल-घट्ट करत राहतो. पण हे सगळं सिरॅमिक तीनशे अंशांच्या वर तापलं तरच. त्याखाली हा सेन्सर म्हणजे नुसता दगड.

व्होल्वोने १९७६ मध्ये अमेरिकेतल्या गाड्यांना बॉशचा हा सेन्सर पहिल्यांदा लावला, तेव्हा त्यात हीटर नव्हता. एकच वायर, आणि धुराच्या धगीवर सगळी भिस्त. हीटरवाला सेन्सर आला १९८२ मध्ये. त्याचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. धूर तापलेला असतो हे खरं, पण कुठे आणि कधी? सकाळी गार इंजिन सुरू करून तुम्ही भाजी आणायला दोन किलोमीटर जाता, तेव्हा धुराची बरीचशी उष्णता लोखंडी मॅनिफोल्ड आणि पाइपच पिऊन टाकतात. सिग्नलला तीन मिनिटं उभे राहिलात तर धुराचा ओघच इतका मंदावतो की तापलेला सेन्सरही निवायला लागतो. बिनहीटरच्या सेन्सरला जाग यायला काही मिनिटं लागतात. हीटर असेल तर साधारण अर्ध्या मिनिटात काम सुरू. तोवर ईसीयू अंदाजपंचे पेट्रोल सोडतो, आणि त्याचा अंदाज सहसा जास्तीकडे झुकलेला असतो.

तुमची गाडी खंबाटकीला का कुरकुरत नाही, हेही यातच आलं. घाटात इंजिनावर भार असतो, धूर सणसणीत तापलेला असतो, मेलेल्या हीटरचं काम तोच फुकटात करून टाकतो. मेकॅनिक ‘एक चक्कर मारून बघतो’ म्हणून जातो तोही तापल्या इंजिनावर. पीयूसीला नेली तरी तेच. तिथे नळकांड्यातल्या धुराचा आकडा बघतात, कोड कोणी विचारत नाही. ॲव्हरेज खाल्लं जातं ते घर ते बाजार, बाजार ते शाळा या फेऱ्यांत.

आता कोडकडे. पी-०१३५ चा अर्थ ‘सेन्सर गेला’ असा नाही. त्याचा अर्थ आहे, पहिल्या बँकेतल्या पहिल्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. सगळा जोर ‘सर्किट’ या शब्दावर आहे. ईसीयूला हीटर दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की अपेक्षेइतका प्रवाह वाहिला नाही, किंवा भलताच वाहिला. तो प्रवाह बॅटरीतून निघतो, रिलेतून जातो, फ्यूजमधून जातो, वायरिंगमधून कपलरपर्यंत येतो, हीटरमधून पार होतो आणि दुसऱ्या वायरने ईसीयूमध्ये शिरून तिथल्या ट्रान्झिस्टरमार्फत अर्थ होतो. काही जुन्या गाड्यांत ती दुसरी वायर थेट बॉडीला अर्थ केलेली असते. एवढ्या वाटेत कुठेही अडलं तरी कोड हाच. विहिरीतली मोटर चालत नाही म्हणून कोणी आधी मोटर वर काढायला जात नाही, आधी बघतात फेज आलाय का. तुमच्या गॅरेजने पहिल्याच दिवशी मोटर वर काढली.

मग चार दिवस दिवा का बंद होता? सेन्सर बदलला म्हणून नव्हे, स्कॅनरने कोड पुसला म्हणून. बऱ्याच गाड्यांमध्ये ईसीयू ही तपासणी ठरावीक परिस्थितीतच करतो आणि लागोपाठ दोन फेऱ्यांत बिघाड दिसला तरच दिवा लावतो. तुमचे चार दिवस त्यात गेले असणार.

एक गोष्ट गॅरेजला जरूर विचारा : बदललेला सेन्सर नेमका कोणता? चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात बँक, म्हणजे सिलिंडरांची रांग, एकच असते. पहिला सेन्सर म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा, इंजिनाजवळचा. त्यानंतरच्या दुसऱ्याच्या हीटरचा कोड पी-०१४१. तुमच्या गाडीत दुसरा असेलच असं नाही. पण असेल, तर तो गाडीखाली हाताला सहज लागतो आणि पुढचा उष्णतारोधक पत्र्याआड दडलेला असतो. सहज लागला तोच बदलला, असं मी एकदा नव्हे, तीनदा पाहिलंय. आणि दोन्ही कोड एकाच दिवशी आले असतील तर दोन्ही सेन्सरवर संशयच नको. दोघांचा फ्यूज बहुधा एक असतो, तिकडे जा.

सुरुवात फ्यूजपासूनच करा. नुसता डोळ्यांनी बघू नका. त्याच्या पाठीवर दोन बारीक उघडे ठिपके असतात, त्या दोन्हींवर व्होल्टेज येतंय का ते मीटरने बघा. फ्यूज उडालेला असेल तर नवा घालण्याआधी का उडाला ते शोधा. वायर मॅनिफोल्डला टेकून वितळली असेल, उंदराने सोलली असेल. पावसाळ्यात बॉनेटखालची ऊब त्यांना फार आवडते. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून प्रश्न मिटवू नका, मग फ्यूजच्या ऐवजी वायरिंग जळतं.

फ्यूज ठीक असेल तर इंजिन पूर्ण गार असताना सेन्सरचा कपलर सोडवा. चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन त्या हीटरच्या. बॉश पद्धतीत दोन पांढऱ्या, सोबत एक काळी आणि एक करडी. डेन्सोच्या अनेक सेन्सरांत हीटरच्या दोन काळ्या, सोबत निळी आणि पांढरी. म्हणजे एकाची पांढरी ती दुसऱ्याची नव्हे, इथे फसगत होते. त्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा. आकडा सेन्सरप्रमाणे बदलतो, बहुतेक ३ ते १५ ओहमच्या दरम्यान. खरा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून येणारा पाव-अर्धा ओहम वजा करायला विसरू नका, कारण आपण लहान आकडे मोजतोय. गार असतानाच मोजायचं, कारण हीटर तापला की त्याचा ओहम वाढतो. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला. हीटरची वायर आणि सेन्सरचं लोखंडी अंग यांच्यात काहीही वहन दिसलं तर आत शॉर्ट आहे. तुमचा सेन्सर नवा आहे, तेव्हा इथे तो निर्दोष सुटेल असा माझा कयास आहे.

आता राहिली गाडीकडची बाजू, आणि खरी गंमत इथे आहे.

किल्ली ऑन करून वायरिंगकडच्या कपलरमध्ये मीटर लावला की एका टोकाला बारा-साडेबारा व्होल्ट दिसतील. काही गाड्यांत हा पुरवठा इंजिन सुरू झाल्यावरच येतो, म्हणून शून्य दिसलं तर लगेच निकाल देऊ नका. बारा दिसले की वायरमन म्हणतो, ‘सप्लाय ओके’, आणि वायरिंगची चौकशी तिथेच संपते. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. वायरीतल्या वीस तारांपैकी एकोणीस कुजल्या आणि एकच उरली, तरी मीटरला पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. हीटरला सुरुवातीला दीड-दोन अँपिअर लागतात. सहा ओहमचा हीटर धरा, बारा भागिले सहा. ते त्या एका तारेतून जायचे तर बरंचसं व्होल्टेज वाटेतच खर्ची पडतं. नळाची तोटी बंद असताना पाइप टम्म भरलेला असतो, उघडली की करंगळीएवढी धार. तसं.

मीही यात फसलोय. माझ्या जुन्या गाडीत मीटर १२.३ दाखवत होता म्हणून मी वायरिंगला निर्दोष ठरवलं आणि स्वतःच्या हाताने नवा सेन्सर बसवला. दिवा पंधरा दिवसांनी परत. ज्या म्हाताऱ्या वायरमनने शेवटी तो बिघाड शोधला, त्याच्याकडे स्कॅनर नव्हता. होता एक ब्रेकलाइटचा बल्ब, होल्डरसकट, दोन वायरी सोल्डर केलेला. एकवीस वॉटचा बल्ब म्हणजे बारा व्होल्टला पावणेदोन अँपिअर, हीटरच्याच खुराकाचा. त्याने कपलरमध्ये एक टोक, इंजिनाला दुसरं टोक लावलं. बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर पेटला. मीटर आता सात व्होल्ट सांगत होता. ‘दिसतात बारा, पोचतात सात,’ तो म्हणाला आणि बॅटरीच्या ट्रेखाली हात घातला. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं, तशी तिथली तांब्याची तार बॅटरीच्या वाफेने कळकली होती. प्लास्टिकच्या आत हिरवी भुकटी, बाहेरून वायर नवीकोरी.

हीच कसोटी तुम्ही लावून घ्या. बल्ब पांढरा लख्ख पेटला आणि व्होल्टेज अर्ध्या-पाऊण व्होल्टापेक्षा जास्त पडलं नाही, तर पुरवठा खरोखर ठीक. मलूल पेटला, तर बल्ब तसाच पेटता ठेवून कपलरकडून उलटं, फ्यूजकडे आणि रिलेकडे मोजत जा. जिथे आकडा एकदम वर उडी मारतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे बिघाड आहे.

तुमच्या बाबतीत मी सगळ्यात आधी सीएनजी किटच्या वायरिंगकडे बोट दाखवीन. किटला किल्लीवर चालणारा पुरवठा लागतो, आणि बसवणारा तो हाताशी असेल त्या वायरीवरून घेतो. वायर सोलायची, दुसरी पिळायची, काळी टेप मारायची. पाच-सात वर्षांत टेपचा गोंद सुटतो, पाणी शिरतं, जॉइंट कळकतो. जुन्या पद्धतीच्या किटांत ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलची वायर कापून मध्ये एम्युलेटर नावाची डबी घालत. गॅसवर चालताना ती ईसीयूला खोटे आकडे पुरवायची. त्या कापाकापीत चुकून हीटरची वायर कापली गेली आणि पुन्हा जोडली गेली असेल, तर ते जॉइंट तिथेच सापडतील. मूळ वायरिंगच्या नळीत नसलेल्या प्रत्येक वायरीचा माग काढा. यात अर्धा दिवस जातो, म्हणूनच गॅरेजवाले ते टाळतात. सेन्सर बदलायला वीस मिनिटं लागतात.

एवढं सगळं ठीक निघालं तरच ईसीयूकडे वळायचं. त्याच्या वायरीवर एकवीस वॉटचा बल्ब लावू नका, थंड बल्ब पेटताना क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह ओढतो. कपलर जोडलेलाच ठेवून, मागून बारीक सुई सरकवून, गार इंजिन सुरू केल्यावर त्या वायरीवरचं व्होल्टेज बघा. ईसीयू हीटर चालू-बंद करत असतो, म्हणून आकडा शून्य आणि बाराच्या मध्ये कुठेतरी दिसेल किंवा हलेल. सतत बारा दिसले तर ईसीयूपर्यंतची वायर तुटली आहे किंवा ईसीयू ती अर्थ करत नाही. मग तीच वायर ईसीयूच्या कपलरपाशी मोजा. तिथे बारा पोचतच नाहीत आणि सेन्सरपाशी बारा स्थिर, तर वायर तुटली. तिथेही बारा, तर आधी ईसीयूची स्वतःची अर्थ तपासा, आणि ती ठणठणीत असेल तरच त्याला दोषी धरा.

तुटकी वायर जोडताना एक सूचना, तीही फक्त सेन्सरच्या शेपटीतल्या वायरींसाठी. अनेक सेन्सर आतल्या बाजूची मोकळी हवा वायरीच्या तारांमधल्या फटीतूनच ओढतात. तिथे सोल्डर ओतलं किंवा कपलरमध्ये ग्रीस भरलं की सेन्सरचा श्वास कोंडतो. चांगल्या पक्कडीने क्रिम्प करा.

प्रश्न : जुलैमध्ये मिलन सबवेजवळच्या पाण्यातून गाडी काढली. इंजिन बंद पडलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी हीटरचा कोड आला. योगायोग?
— एक वाचक, सांताक्रूझ

उत्तर : योगायोग नसावा. हीटर चालू असताना सिरॅमिक कित्येक शे अंशांना असतं. तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं तर तवा टिकतो, सिरॅमिक तडकतं, आणि सिरॅमिकबरोबर त्याला चिकटलेली हीटरची रेघही. पाणी बाहेरूनच यायला हवं असंही नाही. गार पाइपमध्ये धुरातली वाफच थेंब होऊन साचते. म्हणून नव्या गाड्यांत ईसीयू पाइप कोरडा होईपर्यंत हीटर पूर्ण जोराने लावतच नाही. तुमच्या बाबतीत वरच्या वाचकांपेक्षा क्रम उलटा ठेवा, आधी सेन्सरचा ओहम मोजा. अनंत आला तर वाद मिटला. पण कपलर उघडून आत चिखलाचं पाणी आहे का ते त्याआधी बघा. कधी कधी तो नुसता सुकवूनच काम होतं.

प्रश्न : एका मित्राने सांगितलं की सेन्सरच्या ऐवजी हीटरच्या दोन वायरींमध्ये रेझिस्टर लावला की दिवा विझतो. चाळीस रुपयांत काम. खरं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दिवा विझू शकतो. सहा ओहमचा रेझिस्टर बारा व्होल्टवर चोवीस वॉट उष्णता काढतो, म्हणजे सोल्डरिंग आयर्नइतकी. चाळीस रुपयांचा पाव वॉटवाला लावलात तर क्षणात धूर होऊन जाईल. चोवीस वॉट पेलणारा घेतलात तर तो बॉनेटखाली बसवायला पत्रा हवा, आसपासच्या वायरींपासून दूर हवा. आणि एवढा खटाटोप करून सेन्सर गारच राहतो, ईसीयूला मात्र वाटतं तो तापलाय. मित्राला विचारा, त्यांच्या गाडीत तो रेझिस्टर नेमका कुठे बांधलाय आणि त्यावर हात ठेवून पाहिलाय का.